दुसरीच्या वर्गातला पाहुणा

आभार मानणं हे जोखमीचं काम आहे, याची ओपारे सरांना त्या दिवसापर्यंत कल्पना नव्हती. आब्रेपोंगमध्ये बारसं असो, मयत असो की पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, शेवटी कुणीतरी उठून सगळ्यांचे आभार मानल्याखेरीज खुर्च्या आवरल्या जात नाहीत, आणि गावात ते काम वर्षानुवर्षं ओपारे सरांकडे होतं. आवाज खणखणीत, इस्त्रीचा शर्ट कायम तयार, आणि एकदा सुरू झालेलं वाक्य कुठे थांबवायचं याची चिंता नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या प्रशिक्षणवर्गाच्या शेवटच्या दिवशी "आभार कोण मानणार?" असा प्रश्न आला तेव्हा सगळ्या शिक्षकांनी त्यांच्याकडेच पाहिलं, आणि सर शर्ट नीट खोचत उभे राहिले.

प्रशिक्षण होतं शोधातून शिक्षणाचं. लहान मुलांच्या हातात आयती उत्तरं द्यायची नाहीत. मुलांनी आधी प्रश्न विचारायचे, मग त्यांनीच बघून, मोजून, हुंगून, चार लोकांना विचारून उत्तरं शोधायची, आणि शिक्षकाने मागे राहून वाट दाखवायची. असा एकेक घटक शिक्षकाने स्वतः आखायचा. बाकीच्यांनी माना डोलावल्या, बिस्किटं खाल्ली आणि प्रवासभत्त्याची चौकशी केली. ओपारे सरांना मात्र ते आतून पटलं होतं. इतकी वर्षं ते दुसरीला शिकवत होते आणि इतक्या वर्षांत एकाही मुलाने त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. 'सर, बाहेर जाऊ?' हा सोडून. तो रोज यायचा, पण त्याच्या उत्तराने कुणाच्या ज्ञानात भर पडते असं म्हणता येत नाही. आपल्याला काही विचारावं असं कुठल्याच पोराला वाटत नाही, हे सरांना लागत असे. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही कधी सांगितली नव्हती.

तर सर आभार मानायला उभे राहिले. त्यांनी शिकवणाऱ्या बाईंचे मानले, आचाऱ्याचे मानले, खुर्च्या देणाऱ्या चर्चचे मानले, आणि मग त्या ओघात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आणि याच सत्रात आब्रेपोंगच्या दुसरीच्या वर्गात असा घटक होईल, आणि मुलं इतके प्रश्न विचारतील की साहेबांनी स्वतः येऊन ते मोजावेत." साहेब म्हणजे केंद्रप्रमुख त्वुमासी. ते तोवर डोळे मिटून ऐकत होते. 'साहेब' हा शब्द कानावर पडताच त्यांनी डोळे उघडले, डायरी काढली आणि तारीख लिहून घेतली. "चांगलं आहे," ते म्हणाले. "तुमच्याकडे जमलं तर पुढच्या वर्षी केंद्रातल्या सगळ्या शाळांत सुरू करू. नाही जमलं तर फळ्यावरून उतरवून घेणं आहेच."

घरी आल्यावर सरांनी ही बातमी कॉम्फर्टला, म्हणजे बायकोला, सांगितली. कॉम्फर्ट शिवणकाम करायची आणि तिच्या तोंडात सदा टाचण्या असल्यामुळे तिचं मत जरा उशिराने यायचं. टाचण्या काढून ती म्हणाली, "प्रश्न मुलं विचारणार. आणि उत्तरं कोण देणार?"

"तीही मुलंच शोधणार."

"मग तुम्हाला पगार कशाचा?"

याबद्दल प्रशिक्षणात काही सांगितलेलं नव्हतं.

पहिली अडचण कागदाची आली. दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याचं पाठटाचण मुख्याध्यापिका लार्बी मॅडमच्या टेबलावर जायचं आणि मॅडम ते लाल शाईने तपासायच्या. मॅडम स्वभावाने वाईट नव्हत्या, त्यांना फक्त कोरी चौकट बघवत नसे. सरांनी 'पाणी' हा घटक आखला होता, आणि टाचणात एक चौकट होती, 'मुले विचारणार असलेले प्रश्न'. तिथे सरांनी प्रामाणिकपणे काहीच लिहिलं नव्हतं.

"ही भरा," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मुलांनी अजून विचारलेच नाहीत."

"ते कळतं मला. पण विचारणार आहेत ना? मग आजच विचारून घ्या, इथे लिहा, मी सही करते, आणि सोमवारी पुन्हा विचारायला लावा."

सरांनी शुक्रवारची दुपार सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात शिरून काढली आणि चौकट भरली. टाचण परत आलं. 'पाऊस कुठून येतो?' या प्रश्नाखाली लाल रेघ होती आणि समासात शेरा होता, 'हा भाग चौथीला आहे. दुसरीच्या मुलांना हा प्रश्न पडू नये.' सरांनी तो प्रश्न खोडला. मुलांच्या डोक्यातून तो कसा खोडायचा याचा विचार त्यांनी पुढे ढकलला.

तशी गरजही पडली नाही. सोमवारी त्यांनी पाण्याने भरलेली बादली टेबलावर ठेवली, हात चोळले आणि विचारलं, "पाण्याबद्दल तुम्हाला काय काय विचारावंसं वाटतं?"

"हो सर," सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

"हो काय? विचारा."

"विचारतो सर," वर्ग म्हणाला आणि हाताची घडी घालून सरांकडे बघत राहिला. बादलीतलं पाणीसुद्धा हललं नाही. बऱ्याच वेळाने मागच्या बाकावरून ओफोसू नावाच्या पोराने हात वर केला. सरांनी घाईने खडू उचलला.

"सर, बाहेर जाऊ?"

आता यात मुलांचा तरी काय दोष? आब्रेपोंगमध्ये जे मूल मोठ्या माणसाच्या डोळ्यांत बघून 'का?' असं विचारतं त्याच्या आईला बायका विहिरीवर टोमणे मारतात. घरी जे तोंड मिटायला शिकवलं ते शाळेत एकदम उघडणार कसं? सरांनाही हे उमगलं, म्हणून त्यांनी मुळावरच घाव घालायचं ठरवलं. गृहपाठ दिला, आज प्रत्येकाने घरी जाऊन एक प्रश्न विचारायचा.

मुलं आज्ञाधारक होती. दुसऱ्या दिवशी प्रार्थना व्हायच्या आत शाळेच्या व्हरांड्यात पालक जमले. ओफोसूचे आजोबा खांद्यावरून ठेवणीतलं कापड घेऊन आले होते, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. नातवाने त्यांना भर अंगणात विचारलं होतं, "आजोबा, तुमचे दात कुठे गेले?" एका मुलीने जेवताना काकांच्या देखत वडिलांना विचारलं होतं, "बाबा, तुम्ही काम काय करता?" वडील तेव्हापासून जेवले नव्हते. तिची आईही आली होती, पण तिची तक्रार नव्हती. ती सरांना बाजूला घेऊन म्हणाली, "मला हे कधीचं विचारायचं होतं, सर. उद्या आणखी एक द्या."

सरांनी सगळ्यांची माफी मागितली. आजोबांची दोनदा मागितली, कारण पहिली त्यांना ऐकू गेली नाही.

संध्याकाळी अंगणात शेजारच्या ओपानिन दार्कोंनी त्यांना गाठलं. दार्को कोर्टात कारकून होते आणि निवृत्त झाल्यापासून त्यांनी सगळं आब्रेपोंग हेच कोर्ट मानलं होतं. "मास्तर," ते म्हणाले, "प्रश्न विचारणं हे वकिलाचं काम. मी जन्मभर बघितलंय, ज्याला प्रश्न विचारले तो माणूस कधी हसत घरी गेला नाही. तुम्ही पोरांना पाढे शिकवा. पाढ्यांनी कुणाचं घर मोडल्याचं माझ्या ऐकिवात नाही."

सर पायरीवर बसून राहिले आणि साहेबांना कुठलं कारण कळवावं याचा विचार करू लागले. ताप बरा की मामाचं मयत बरं, इथवर ते आले होते. समोरच्या अळूच्या वाफ्यापाशी शेजारची सेरवा खेळत होती. ती त्यांच्याच वर्गात होती, पण हजेरी सोडून तिचा आवाज सरांनी ऐकला नव्हता. वाफ्यातून मुठीएवढी एक रानगोगलगाय बाहेर आली होती. सेरवाने एक डबा उपडा घातला, त्यावर पान अंथरलं, गोगलगायीला उचलून वर बसवलं, बाटलीच्या बुचात पाणी आणून तिच्यापुढे ठेवलं, आणि स्वतः मांडी घालून, अगदी आपल्या आजीच्या आवाजात, म्हणाली, "इकडे सगळं निवांत आहे. वाट तुम्ही चालून आलात. काय येणं केलंत?"

यात तसं नवल काही नव्हतं. दारात कुणीही आलं तरी आधी बसायला द्यायचं, मग पाणी, आणि पाणी पिऊन झालं की विचारायचं, काय येणं केलंत. याला आमाने म्हणतात. नुकतं दूध सुटलेलं पोरसुद्धा बाहुलीला बसवून हा खेळ खेळतं. पण सर कान देऊन ऐकू लागले, कारण सेरवा थांबेना.

"घर पाठीवर घेऊन निघालात, म्हणजे घरी भांडण झालं का? की भाडं थकलं? वाटेत काय खाल्लंत? चालताना मागे ओलं का करता? परत जाताना वाट सापडावी म्हणून का? तुम्हाला कान नाहीत, मग मी बोलते ते कळतं कसं?"

सर उठून उभे राहिले. घरच्या माणसाला विचारलं तर उद्धटपणा, आणि दारी आलेल्याला न विचारलं तर तोही उद्धटपणाच. मुलांना प्रश्न येत नव्हते असं नाहीच, त्यांना पाहुणा मिळाला नव्हता. सरांनी त्या आनंदात सेरवाकडे गोगलगाय मागितली. तिने ती दिली, पण आधी पाहुण्यांना विचारून.

दुसऱ्या दिवशी लार्बी मॅडमची गादीची खुर्ची दुसरीच्या वर्गात आली. तिच्यावर गोगलगाय बसली, तिला पाणी दिलं, आणि सर मुलांना म्हणाले, "पाहुणे आलेत. मला आज घसा बसल्यामुळे बोलवत नाही. घरचे मोठे तुम्ही."

आधी सेरवाने सुरुवात केली, मग ओफोसू, आणि मग कुणाचं कुणाला ऐकू येईना. सर फळ्यावर प्रश्न लिहीत सुटले. फळा भरला तेव्हा ते दारावर लिहू लागले. पाहुणे बोलत नाहीत हे लवकरच मुलांच्या लक्षात आलं, आणि मग उत्तरं काढणं त्यांच्यावरच आलं. चार तऱ्हेची पानं ठेवून पाहुण्यांना काय आवडतं ते बघितलं. पाहुणे केवढे आहेत आणि दिवसात किती वाट चालतात ते दोरीने मोजलं. वाफ्यातल्या बाकीच्या गोगलगाईंत ओळख पटावी म्हणून कॉम्फर्टच्या नेलपॉलिशचा निळा ठिपका पाहुण्यांच्या शंखावर लावला. रानात गोगलगाई सापडतात कुठे, हे विचारायला सगळा वर्ग ओफोसूच्या आजोबांकडे गेला, पण या वेळी रीतीने, पाहुणे म्हणून. आजोबांनी पाणी दिलं, काय येणं केलंत विचारलं, आणि मुलांनी येण्याचं कारण सांगताच तरुणपणी रात्री कंदील घेऊन गोगलगाई वेचायला जायचे त्या सगळ्या रात्री सांगितल्या. जाताना मुलांना त्यांनी दात कसे पडले तेही आपण होऊन सांगून टाकलं.

कारभार वाढतच गेला. लार्बी मॅडमचं म्हणणं पडलं की शाळेत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची नोंद अभ्यागतांच्या वहीत व्हायला हवी. 'कोठून आले' या रकान्यात सरांनी 'अळूचा वाफा' लिहिलं, आणि सहीच्या जागी पाहुण्यांना एकदा वहीवरून चालवून आणलं. मग सरांना वाटलं, बोलणारा पाहुणाही हवा. त्यांनी पाव विकणाऱ्या आजेवा मावशींना बोलावलं. पाव कसा फुगतो, एवढंच मुलांना हवं होतं. पण मावशी जुन्या वळणाच्या होत्या, आणि आमाने विचारल्यावर अर्धंमुर्धं सांगणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी धाकट्या बहिणीच्या लग्नापासून सुरुवात केली. मधली सुट्टी झाली, जेवणाची सुट्टी झाली, बहीण विधवा झाली, जमिनीचा दावा लागला, आणि पाव भट्टीपर्यंत पोचायच्या आत शाळा सुटली. ओपानिन दार्को तो दावा ऐकायला खिडकीशी येऊन उभे राहिले होते. त्यांची नजर खुर्चीखालच्या गोगलगायीवर गेली.

"मास्तर, हिला बसायला दिलं?"

"दिलं."

"पाणी?"

"दिलं."

"येणं विचारलं?"

"रोज विचारतो."

दार्को कठड्यावर काठी टेकून सावकाश बोलले, निकाल वाचून दाखवल्यासारखे. "मग झालं. खेळात म्हणा की खऱ्यात म्हणा, ज्याला पाणी दिलं तो पाहुणा. त्याच्या केसाला धक्का लागला तर नाक त्या घराचं कापलं जातं. पोरांनो, ऐकलंत?"

"हो सर," पोरं म्हणाली. गोगलगायीला केस नसतात, हा मुद्दा त्या वेळी कुणी काढला नाही.

शाळेच्या कपाटात उंदीर होते, त्यामुळे पाहुणे रात्री सरांकडे उतरायचे. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घमेलं, त्यात अळूची पानं, वर चाळण. खाऊन खाऊन पाहुण्यांनी चांगलं अंग धरलं होतं.

साहेब यायचे त्या दिवशी सर पाहुण्यांना मागाहून न्यायचं ठरवून पहाटेच शाळेत गेले. खुर्ची पुसली, फळा पुसला, तो पुसायला नको होता म्हणून पुन्हा लिहिला. येणाऱ्या साहेबांना रिकाम्या पोटी वर्ग दाखवायचा नसतो, हे लार्बी मॅडमना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी जेवणाचं कॉम्फर्टला आधीच सांगून ठेवलं होतं. काहीतरी चांगलं कर, एवढंच. त्वुमासी साहेब दोन गाड्या बदलून, धुळीने माखून, उशिरा आणि भुकेने कावलेले असे आले. कॉम्फर्ट भांडं डोक्यावर घेऊन आली, मॅडमच्या खोलीत फुफूचा, म्हणजे कुटलेल्या कंदांचा, गोळा आणि सार वाढून बाहेर आली, आणि व्हरांड्यात सरांजवळ उभी राहून कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली, "गोगलगायीचं केलंय. बाजारात आज मालच कमी. एक कमी पडत होती, पण आपल्या कोपऱ्यात होती ना."

सरांचा हात खांबावर गेला. "कॉम्फर्ट, ती निळ्या ठिपक्याची?"

"ठिपका शंखावर होता. शंख कोण खातं?"

"अगं, ती पाहुणी होती."

"तुमच्या तोंडून मी पाहुणे पाहुणे ऐकत होते. मला वाटलं, पाहुण्यांसाठी आणलीय."

सरांनी खिडकीतून आत पाहिलं. साहेब डोळे मिटून बोटं चाटत होते. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि करण्यासारखं काही उरलं नाही की माणूस जे करतो तेच सरांनी केलं. त्यांनी शर्ट नीट खोचला आणि वर्गात जाऊन मुलांना सांगितलं, "आज पाहुण्यांना बरं नाही. ते घरी आराम करतायत."

"हो सर," वर्ग एका सुरात म्हणाला.

तो जुना सूर परत आला होता. साहेब मागच्या बाकावर बसले, लार्बी मॅडम त्यांच्या शेजारी. सरांनी रिकाम्या खुर्चीकडे हात करून काहीबाही विचारलं. मुलं हाताची घडी घालून बसली. साहेबांनी पेन उघडलं, थोडा वेळ धरलं, मग मिटलं. सगळ्या केंद्रातली दुसरीची मुलं फळ्यावरून उतरवून घेताना सरांना डोळ्यांसमोर दिसू लागली, आणि ते सगळं आपल्या एका गोगलगायीपायी.

तेवढ्यात सेरवा उठली. ती सरळ बाहेर गेली आणि पेलाभर पाणी घेऊन आली. वर्गात एक परका माणूस येऊन बसला होता आणि त्याला अजून कुणी पाणी विचारलं नव्हतं, हे तिला बघवलं नाही. उजव्या हाताने पेला सांभाळत ती साहेबांना खुर्चीपाशी घेऊन आली. साहेबही याच भागात लहानाचे मोठे झालेले. पाणी पुढे आल्यावर नाही म्हणता येत नाही. ते बसले, घोटभर प्यायले.

"इकडे सगळं निवांत आहे," सेरवा म्हणाली. "वाट तुम्ही चालून आलात. काय येणं केलंत?"

"वाईट काही घेऊन आलो नाही," साहेब सवयीने उत्तरले. "तुमचा वर्ग बघायला आलो."

मग वर्ग सुटला. पेन तुमचं की सरकारचं? वर्ग बघून त्याचं काय करता? पिशवीत काय आहे? तुमचा वर्ग बघायला कोण येतं? साहेब एकेकाला उत्तर देत होते. शेवटचा प्रश्न आला तेव्हा मात्र त्यांनी आधी पाण्याचा आणखी एक घोट घेतला. मागे लार्बी मॅडमनी पहिल्यांदा श्वास सोडला. सरांच्याही जिवात जीव आला होता, इतक्यात ओफोसूने प्रत्येक पाहुण्याला विचारायचा तो प्रश्न विचारला.

"वाटेत काय खाल्लंत?"

"वाटेत काही मिळालं नाही, बाळ. पण इथे आल्यावर," साहेबांचा चेहरा खुलला, "असं गोगलगायीचं सार खाल्लं की काय सांगू."

सरांनी फळ्याकडे तोंड केलं.

"केवढी होती?" सेरवाने विचारलं.

साहेबांनी मूठ दाखवली. ओफोसूने दोरी आणून साहेबांची मूठ मोजली आणि ती दोरी वर्गाला दाखवली. "शंख कुठे आहे?" "ते मला माहीत नाही." "स्वयंपाक कुठे झाला?" "ओपारे सरांकडे," लार्बी मॅडम बोलून गेल्या, आणि मग त्यांना कळलं की हे बोलायला नको होतं.

मुलं उठली. प्रश्न पडला की जाऊन बघायचं, हे सरांनीच त्यांना शिकवलं होतं. सगळा वर्ग रस्ता ओलांडून सरांच्या अंगणात गेला, मागोमाग मॅडम, आणि हातात पेला घेतलेले साहेब, कारण काय चाललंय ते आता त्यांनाही बघायचं होतं. केळीच्या बुंध्याशी टाकलेले शंख मुलांनी गोळा केले, लहान-मोठे वेगळे केले, एकेक पालथा करून बघितला. निळा ठिपका सापडायला वेळ लागला नाही. शेजारी दार्को आपल्या व्हरांड्यात येऊन उभे राहिले. कॉम्फर्ट दारात आली आणि काय झालंय ते समजल्यावर तिने हातातलं कापड तोंडाला लावलं.

सेरवा शंख घेऊन सरांपुढे आली. मान वर करून तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"सर, तुम्हाला ठाऊक होतं?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा वर्गातल्या कुणीतरी त्यांना काही विचारलं होतं, आणि नेमकं हे विचारलं होतं. देण्यासारखी उत्तरं हाताशी पुष्कळ होती. 'मोठ्यांना असं विचारू नये' हे तर तोंडावरच होतं, आणि ते सर म्हणाले असते तर अंगणातल्या कुणीही मान डोलावली असती. पण सेरवा परत कधी विचारणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. ते इस्त्रीच्या पँटीसकट तिच्यासमोर उकिडवे बसले.

"हो. ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"साहेब जेवत होते तेव्हापासून."

"मग बरं नाही असं का सांगितलंत?"

"मला लाज वाटली. आणि भीती वाटली."

"तुम्हालापण भीती वाटते?"

"वाटते ना."

"कुणाची?"

सरांनी हळूच वर पाहिलं. साहेब पेल्यात बघू लागले. मग बाकीची मुलं जवळ आली आणि चहूबाजूंनी विचारू लागली. तिला दुखलं असेल का? तिच्या घरी कुणाला कळवायचं? पाहुणा खाल्ला तर आता काय करायचं? सर घामाघूम होऊन एकेकाला उत्तर देत होते, आणि जिथे उत्तर नव्हतं तिथे "ठाऊक नाही, आपण शोधू" असं म्हणत होते. त्यांना फार वाईट वाटत होतं आणि फार बरंही वाटत होतं. शेवटच्या प्रश्नावर मुलांनी दार्कोंकडे पाहिलं. दार्कोंनी खाकरून निकाल दिला की चूक कबूल झाली आहे, तेव्हा शंख मानाने पुरावा, घरच्यांनी माफी मागावी आणि प्रकरण इथेच मिटवावं. कॉम्फर्टने तिथल्या तिथे माफी मागितली. साहेबांकडे कुणी बघत नव्हतं, तरी त्यांनीही मागितली.

परतताना फाटकापाशी साहेब सरांना म्हणाले, "प्रश्न मोजायला घेतले होते मी. पुढे सोडून दिलं. पुढच्या वर्षी सगळ्या शाळांत करू या, सर. जेवण मात्र मी घरून घेऊन येत जाईन."

अंगणात मुलं अळूच्या वाफ्याशी खड्डा करत होती. सर त्यांच्यात जाऊन बसले आणि हाताने माती ओढू लागले. सेरवाने थोडा वेळ त्यांना काम करू दिलं, मग म्हणाली, "सर, आता नवे पाहुणे आले तर ते तुमच्याकडे नाही उतरणार. आमच्याकडे उतरतील. चालेल?"

"चालेल," सर म्हणाले. "मी त्यांना भेटायला येऊ का?"

सेरवाने निळ्या ठिपक्याचा शंख खड्ड्यात ठेवला.

"या," ती म्हणाली. "पण जेवून या."